गृहोद्यान : वामनवृक्षांचा हिंवाळा

परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मुलींच्या व सुनांच्या तोंडून अलीकडे एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मोठ्या हौसेनें घेतलेला जपानी वामनवृक्ष, ज्यास 'बोन्साय' म्हणतात तो, थंडी पडतांच घरांत ऊबेस आणून ठेविला, पाणीही वेळच्या वेळीं घातलें, तरी फाल्गुनापर्यंत तो वाळून गेला. तक्रार खरी आहे. परंतु अनर्थाचें मूळ त्या ऊबेंतच असतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

पाइन, ज्युनिपर, मेपल हे थंड प्रदेशांतील वृक्ष. हिंवाळ्यांत त्यांस निद्रा हवी असते, व ती येण्यास हवा कित्येक आठवडे सुमारें सात अंशांच्या खालीं राहावी लागते. दिवाणखान्यांतील वीस अंशांच्या शुष्क हवेंत वृक्षास झोंप कोठली? एखादें वर्ष तो तग धरील, पुढें क्षीण होत जाईल. ज्युनिपर तर इतका फसवा कीं, प्राण गेल्यावरही कित्येक आठवडे हिरवाच दिसतो. उलट, थंडींत बाहेर ठेविलेल्या जिवंत ज्युनिपरचा रंग तांबूस होतो, तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं. वसंतांत तो पुन्हां हिरवा होतो.

मग वृक्ष उघड्यावर टाकून द्यावा काय? तेंही नव्हे. कोणत्याही झाडाचीं मुळें फांद्यांपेक्षां नाजूक असतात. जमिनींत त्यांस धरणीची ऊब मिळते. उथळ कुंडींतील चार बोटें माती मात्र एका रात्रींत गोठते. शिवाय गोठलेल्या मातींतून मुळांस पाणी ओढतां येत नाहीं, आणि वर ऊन व वारा तर पानांतील ओलावा नेतच असतात. थंडीनें मेलेला म्हणून ज्यास आपण टाकून देतों, तो पुष्कळदां तहानेनें मेलेला असतो.

जपानांत यासाठीं 'मुरो' नांवाचा, शेगडी नसलेला निवारा असतो. आंतील हवा गोठणबिंदूच्या किंचित् वर राहिली कीं काम भागतें. १९२३ च्या भूकंपानंतर तोकियोंतील माळ्यांनीं १९२५ सालीं ओमिया येथें बोन्सायांचें एक गांवच वसविलें, तें आजही नांदतें आहे. आपल्या घरीं मोटार ठेवण्याची न तापविलेली खोली हाच मुरो समजावा. ती नसल्यास घराच्या उत्तरेस, वारा न लागेल अशा ठिकाणीं कुंडी कांठापर्यंत जमिनींत पुरावी व वर पालापाचोळा पसरावा. दक्षिणेचें ऊन प्रेमळ दिसतें, परंतु दिवसा वितळणें व रात्रीं गोठणें हाच खेळ मुळांस बाधतो. बर्फ पडल्यास पडूं द्यावें, तें पांघरुणच होय. फक्त फांद्यांवर भार झाला तर हलकेंच झाडावें. पाचोळ्यांत उंदीर शिरून साल कुरतडतात, तिकडे लक्ष असावें. माती बोटानें चांचपून, कोरडी होत आली असेल तरच, गोठलेली नसतांना सकाळीं पाणी द्यावें. पोट मोठें व तोंड अरुंद अशी कुंडी गोठणाऱ्या पाण्याच्या फुगवट्यानें फुटते, म्हणून ती आधींच बदलावी.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत एक श्वेत पाइन आहे. त्याची जोपासना १६२५ पासून चालत आली आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हां तो सुमारें तीन किलोमीटरवर यामाकी कुटुंबाकडे होता व भिंतीच्या आडोशानें वांचला. मासारु यामाकी यांनीं १९७६ सालीं तो अमेरिकेस दिला. उद्यानास हा इतिहास त्यांचे नातू २००१ मध्यें भेटीस आले तेव्हांच कळला. एवढ्या वृक्षाचीही माती एका पात्रांत मावते, आणि इतकीं वर्षें दर हिंवाळ्यास कोणी ना कोणी त्या मातीची चिंता वाहिली आहे.

आपल्याकडील वड, उंबर, पिंपळ यांस मात्र वरील नियम लावूं नयेत. त्यांस असल्या निद्रेची गरज नाहीं. निफाडकडे पारा कधीं कधीं पांच अंशांखालीं उतरतो. अशा रात्रीं कुंड्या पडवींत भिंतीलगत घ्याव्या व सकाळीं उन्हांत काढाव्या. पाणी कमी करावें. पिंपळानें शिशिराच्या अखेरीस पानें टाकलीं तर तो त्याचा स्वभावच आहे. कुंडी बदलणें व मुळें छाटणें हीं कामें हवा चांगली तापेपर्यंत राहूं द्यावीं. थंडींत कापलेलें वडाचें मूळ लवकर भरून येत नाहीं.