पोळ्याच्या आत एक काम

दावण : साप्ताहिक स्तंभ

औताला धरायच्या आधी गोऱ्ह्याला दवाखान्याच्या खोड्यात घालतात, चिमटा लावतात आणि दहा मिनिटांत त्याचा बैल करून घरी आणतात. आजोबांच्या काळात तर बैल बडवायचे. तो प्रकार आठवला तरी अंगावर काटा येतो. चिमटा आला आणि रक्ताचा थेंब न सांडता काम होऊ लागलं. बोकड खस्सी करतात, तेव्हाही घरात कोणाचा घास अडत नाही. देऊळगाव राजा तालुक्यात या गोष्टीवर कोणी पाप-पुण्याची चर्चा केलेली मी तरी ऐकलेली नाही.

मात्र त्याच खोड्याशेजारी उभं राहून त्याच शेतकऱ्याला सांगून बघा, "दादा, घरच्या कुत्रीचंही ऑपरेशन करून घ्या." लगेच उत्तर येतं, "कामून? मुक्या जनावराचा तळतळाट कशाला घ्यायचा?"

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्यातला धर्म मला दिसत नाही, हिशेब दिसतो. बैल खच्ची केल्याचा फायदा आपल्या शेतात दिसतो. कुत्रीला पिल्लं झाल्याचा तोटा दुसऱ्याच्या दारात पडतो. ज्याचा भार आपल्यावर नाही, त्या बाबतीत दयाळू असणं सोपं असतं.

ती पिल्लं जातात कुठे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. कुत्री व्याली की ओळखीपाळखीतले लोक येतात आणि नर पिल्लू निवडून नेतात. "कुत्री नको, दर सहा महिन्यांनी ताप." मागे उरलेल्या माद्या खताच्या गोणीत भरून रात्री जालना रोडला, बाजाराच्या मागे किंवा उकिरड्याजवळ सोडल्या जातात. म्हणजे आपण रस्त्यावर नेमक्या वीण वाढवणाऱ्या माद्याच सोडतो आणि वर्षभराने नगर परिषदेला विचारतो, मोकाट कुत्री एवढी वाढली कशी?

एका कुत्रीपासून सहा वर्षांत 67 हजार कुत्री होतात, असं प्राणीप्रेमींच्या पत्रकांत छापलेलं असतं. त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो कागदावरचा गुणाकार आहे, रस्त्यावर बहुतेक पिल्लं जगतच नाहीत. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये मोकाट कुत्र्यांच्या 95 विणींमधल्या 364 पिल्लांवर नजर ठेवली आणि 2016 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयात येईपर्यंत त्यातली जेमतेम 19 टक्के पिल्लं टिकली. निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. तळतळाटाची भीती असेल तर ती इथे वाटायला हवी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेली कुत्री झोपेत असते, गोणीतलं पिल्लू जागं असतं.

मोकाट कुत्र्यांवर सध्या देशभर बोललं जातं. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी सांगितलं की पकडलेली कुत्री निर्बीजीकरण आणि लसीकरण करून पुन्हा त्याच जागी सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून. त्यानंतर 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं अशा ठिकाणांहून कुत्री हलवण्याचा आदेश झाला. या सगळ्या गदारोळात दारात साखळीला बांधलेल्या कुत्रीचं नाव कोणी घेतलं नाही. आपल्याकडे 'पाळीव' आणि 'मोकाट' यांच्यातली रेघ फार पुसट आहे. दिवसा नाव, पट्टा आणि भाकरी असलेला मोती रात्री साखळी सोडली की गावाचा होतो. गल्लीतल्या पिल्लांचा बाप बहुतेक वेळा कोणाच्या तरी ओसरीवर झोपलेला असतो.

कायद्याने ही जबाबदारी केव्हाच वाटून दिली आहे. 2001 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या 2023 च्या नियमांत, रस्त्यावरच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण स्थानिक स्वराज्य संस्थेकडे आणि घरच्या जनावराचं मालकाकडे दिलेलं आहे. यातला पहिला रस्ता आपल्यासारख्या लहान शहराला कठीण आहे. प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था लागते, कुत्री पकडणारी तयार माणसं लागतात, शस्त्रक्रियेनंतर ठेवायला पिंजरे लागतात. दुसरा रस्ता मात्र आजही मोकळा आहे. मालक स्वतःच्या हाताने जनावर घेऊन येतो, शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या ओसरीवर सांभाळतो. लागतो तो नोंदणीकृत पशुवैद्य, स्वच्छ टेबल आणि पैसे.

पैशापाशीच गाडी अडते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी बसलेली आहे. 1962 ला फोन लावला तर फिरतं पथक गोठ्यापर्यंत येतं. कुत्रीचं पोट उघडायचं म्हटलं की जालना किंवा त्यापुढचं शहर गाठावं लागतं आणि तिथे खाजगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजावे लागतात. शिवाय डॉक्टरची फी हा खर्चाचा एक तुकडा झाला. कुत्रीला न्यायला गाडी करा, एक दिवसाची मजुरी बुडवा, औषधं घ्या, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायचं नरसाळं घ्या आणि आठ-दहा दिवस तिला कोरड्या जागी बांधून ठेवा. दोन खोल्यांच्या घरात पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला 'जबाबदार व्हा' एवढं सांगून हे होत नाही. नुसत्या जबाबदारीने गोण्याच भरतात.

म्हणून सवलतीची योजना आखायची तर ती मालकाच्या बाजूने आखावी लागेल. हे काही नवं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने 1971 मध्ये पाळीव जनावरांसाठी स्वस्त निर्बीजीकरणाचा नगरपालिकेचा दवाखाना उघडला होता. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? कुटुंब नियोजनाची शिबिरं आपल्याच ग्रामीण रुग्णालयांत झाली. नर्सबाई घरोघर गेल्या, सासूची समजूत काढली, बाईला न्यायला गाडी आली, बुडालेल्या मजुरीपोटी चार पैसे हातात पडले, तेव्हा कुठे ती शिबिरं भरली. आणीबाणीत सक्ती झाली तेव्हा लोक शेतात लपले, आणि 'नसबंदी' शब्दाला आजही तो वास आहे. समजूत काढली तर माणूस येतो, धाक दाखवला तर पळतो. कुत्र्याच्या मालकालाही हाच नियम लागू आहे.

माझं म्हणणं साधं आहे. नगर परिषदेने अर्थसंकल्पात घरच्या कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेसाठी वेगळी, छोटी का होईना, तरतूद करावी. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर शस्त्रक्रिया मोफत, बाकीच्यांना अर्ध्या खर्चात. सोबत रेबीजची लस त्याच दिवशी. अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आणि परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या पंचक्रोशीला अनोळखी नाहीत. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचा हात बसवायला जनावरं हवी असतात, आपल्याला हात हवे आहेत. मात्र एका दिवसात पन्नास कुत्री उरकून फोटो काढायचा मोह टाळावा. दहा करा, पण नीट करा. एका कुत्रीचे टाके पिकले की ती बातमी चहाच्या टपरीवरून तालुकाभर जाते आणि पुढच्या शिबिराला कोणी फिरकत नाही.

"माणसांना सुविधा नाहीत आणि कुत्र्यांवर खर्च?" हा प्रश्न येणारच, आणि तो चुकीचा नाही. पण कुत्रं चावल्यावर रुग्णालयात रेबीजच्या सुया टोचायचा खर्चही माणसांच्याच तिजोरीतून होतो, आणि चावा अनेकदा अंगणात खेळणाऱ्या लहान पोरांना बसतो. शस्त्रक्रियेचा पैसा एकदाच जातो.

भीतीबद्दलही थोडं. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी, म्हणजे साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनांत होणाऱ्या गाठींचा धोका खूप कमी होतो, आणि गर्भाशयात पू होऊन कुत्री दगावण्याचा प्रश्नच उरत नाही. नराचं तर काम आणखी सोपं. त्याची राखण कमी होत नाही, भटकणं आणि मादीवरून होणारी भांडणं कमी होतात. मैथुनातून पसरणाऱ्या गाठी आपल्याकडच्या कुत्र्यांत सर्रास दिसतात, त्यांचाही धोका त्याला कमी राहतो. मांजरीच्या बाबतीत तर थांबूच नका. ती पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही पुन्हा राहते.

नामदेवरायांची गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आपण ती वाटी अजूनही धरतो. गल्लीगल्लीत कुत्र्यांना भाकरी घालणारी माणसं आहेत आणि दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री आपल्या देवघरात आहेत. फक्त पोटभर खाऊ घातलेली कुत्री अधिक पिल्लं देते, एवढी गोष्ट आपण विसरतो. भाकरीबरोबर शस्त्रक्रियाही आली तरच ती दया पुरी होते.

आता वेळेचं. कुत्र्यांचा भाद्रपद आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतो. भाद्रपदात फळलेली कुत्री साधारण 63 दिवसांनी, म्हणजे कार्तिकात पिल्लं घालते आणि मार्गशीर्षाच्या थंडीत ती कुडकुडत मरतात. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला गाव फुलतं, तेव्हा बऱ्याच कुत्र्या पोटुशी असतात. श्रावणी अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवसापासून भाद्रपद. म्हणजे हे काम पोळ्याच्या आत व्हायला हवं. शिबिर जेव्हा भरेल तेव्हा भरो. तोवर ज्यांना झेपतं त्यांनी आपल्या दारातल्या कुत्रीला घेऊन जावं, आदल्या रात्रीपासून तिला उपाशी ठेवावं आणि नंतर दहा दिवस कोरड्यात बांधावं. ज्यांना झेपत नाही त्यांनी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला गाठून अर्थसंकल्पातल्या तरतुदीबद्दल विचारावं. यंदा पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावताना दारातल्या कुत्रीकडेही एकदा बघा.

— गुराखी