खडा विष ओढतो म्हणे!

परवा बेलपाड्यात आमच्या एका काकांनी ऐकवलं, साप चावला की खडा लावायचा, विष ओढून घेतो!

अहो काका, तो खडा म्हणजे बहुतेक वेळा जाळलेलं हाड. बारीक छिद्रांमुळे ओल्या जखमेला चिकटतो, एवढंच. विष तोवर अंगात भिनलेलं असतं. "आमच्या गड्याला गुण आला"... धामण चावली असेल, तिला विषच नसतं! वेल्समध्येही सापांनी घडवलेल्या मण्यावर लोकांची अशीच भिस्त होती, तेव्हा भाबडेपणा एकट्या आपलाच नाही. असो.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष चालतं. साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

रागवा हवं तर, पण काका, वेळ आलीच तर खडा शोधत बसू नका, गाडी काढा.