पंखा विषच का फेकतो?

कॅलिफोर्नियाच्या वॉटसनव्हिल-सॅलिनस पट्ट्यात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवरून एक विचित्र दिसणारा ट्रॅक्टर फिरतो. पुढच्या बाजूला ओळीने पत्र्याचे मोठे डबे उपडे टांगलेले, प्रत्येक डब्याच्या डोक्यावर पंखा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर पंखे फिरतात, झाडांवरची हवा वर ओढली जाते आणि हवेबरोबर लायगस नावाचा, ढेकणाच्या कुळातला किडा वर जातो. पात्यांवर आपटून त्याचा चुरा होतो. हा किडा कोवळ्या फळावरच्या बियांत सोंड खुपसतो. तेवढा भाग मग वाढत नाही, फळ वेडंवाकडं होतं आणि बाजारात त्याला कोणी हात लावत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही यंत्रं तिथे चालत आली आहेत. किडे औषधाला दाद देईनात, फळ तर रोज-दोन रोजांनी तोडायचं, अशा कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी ती उचलून धरली.

आपल्याकडे या यंत्राचं नावही कुणी ऐकलेलं नाही. त्याचं मला फारसं वाटत नाही. परदेशातली सगळीच यंत्रं आपल्या शेतात यावीत असा कुठे नियम आहे? पण विष न फवारता कीड काढण्याचा विचारच आपल्या शेतीव्यवस्थेच्या डोक्यात शिरत नाही, तो का शिरत नाही, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर यंत्रशास्त्रात सापडणार नाही. ते आपल्या नीतिमत्तेत शोधावं लागेल.

अशा यंत्रांची पेटंटं वाचणं हा मोठा उद्बोधक उद्योग आहे. पेटंटाची भाषा रुक्ष असते, पण आकृत्या बोलक्या असतात. एका आकृतीत झाडाच्या दोन्ही बाजूंनी रबरी पडदे सोडलेले दिसतात, बाहेरची हवा आत घुसून ओढ कमी होऊ नये म्हणून. दुसरीत एका बाजूने वाऱ्याचा झोत सोडून किडे उडवायचे आणि समोरच्या बाजूने ते ओढून घ्यायचे, अशी जोडगोळी. कुणी किडे जाळीच्या पिशवीत गोळा करतो, कुणी त्यांना थेट पंख्याच्या पात्यांत घालतो. एकाच प्रश्नावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवत आली आहेत. मुळात ही परंपरा पंख्याच्याही आधीची. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानी प्रदेशावर टोळांनी धाड घातली, तेव्हा तिथले शेतकरी पत्र्याचा लांबलचक तवा डांबराने किंवा रॉकेलने माखून घोड्यामागे ओढत. उडालेले टोळ त्यात पडून मरत. पुढे टेक्सासच्या कपाशीवर बोंडभुंगा आला, तेव्हा झाडं झोडपून भुंगे गोळा करणाऱ्या यंत्रांची अशीच रीघ लागली होती.

पंख्याची गंमत अशी की शेतातला किडा ओढणारं पहिलं नामांकित यंत्र किडे मारायला नव्हतं, मोजायला होतं. एव्हरेट डिएट्रिक, श्लिंगर आणि रॉबर्ट व्हान डेन बॉश या कीटकशास्त्रज्ञांनी १९५९ साली त्याचा शोधनिबंध छापला. इंजिनावर फिरणारा पंखा, जाडसर नळी आणि आत कापडी पिशवी. लसूणघासाच्या शेतात नळी टेकवायची, पिशवीतले किडे मोजायचे, शत्रू किती आणि मित्र किती ते बघायचं आणि मगच फवारणी करायची की नाही ते ठरवायचं. त्याच साली व्हान डेन बॉश आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एकात्मिक कीडनियंत्रणाची मांडणी केली. आपल्या कृषी विद्यापीठांच्या प्रत्येक पुस्तिकेत आज जी ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ छापलेली असते, ती तिथून आलेली. म्हणजे संकल्पना आपण घेतली, छापली, परीक्षेला विचारली. आधी मोजा, मग ठरवा, ही तिच्यातली शिस्त मात्र कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर येईपर्यंत गळून पडली. तिथे शेतकरी खुडलेलं पान दाखवतो आणि दुकानदार मागच्या फळीवरून दोन बाटल्या काढतो. याच व्हान डेन बॉश यांनी १९७८ मध्ये कीटकनाशकांच्या धंद्यावर, आणि त्या धंद्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्या शास्त्रज्ञांवर, एक जळजळीत पुस्तक लिहिलं.

आता यंत्राची कैफियत. ओढणारा पंखा सर्वगुणसंपन्न नाही, आणि तसं सांगणारा माणूस यंत्र विकायला आलेला समजावा. नळीच्या तोंडापासून थोडं दूर गेलं की ओढ झपाट्याने कमी होते, म्हणून डबा झाडाला जवळजवळ टेकवावा लागतो. पंख असलेले किडे उडतात आणि सापडतात. पानाखाली चिकटलेली पिल्लं बरीचशी मागे राहतात. ढालकिड्यासारखे मित्रकीटकही त्यातच जातात. माती, पालापाचोळा ओढला जातो, डिझेल जळतं, ट्रॅक्टर रांगत चालवावा लागतो. आणि कपाशीच्या बोंडात शिरून बसलेल्या गुलाबी अळीला तर पंख्याचा वाराही लागत नाही. म्हणूनच कॅलिफोर्नियात सांताक्रूझ विद्यापीठाच्या शॉन स्वीझी यांनी सेंद्रिय स्ट्रॉबेरीवाल्यांना बरोबर घेऊन वेगळी युक्ती लढवली. स्ट्रॉबेरीच्या मध्ये मध्ये लसूणघासाच्या ओळी लावायच्या, लायगसला स्ट्रॉबेरीपेक्षा तो जास्त आवडतो. मग यंत्र सगळ्या शेतावर न फिरवता फक्त त्या ओळींवर फिरवायचं. डिझेल वाचलं, मित्रकीटक वाचले. कपाशीभोवती झेंडू आणि अंबाडी लावायला सांगणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना सापळा पीक काही नवं नाही. पण सापळ्यात आलेल्या किडीचं पुढे काय करायचं, इथे बहुतेक वेळा पुन्हा बाटलीच येते.

म्हणजे यंत्रात दोष आहेत. पण विषात नाहीत का? अमेरिका-कॅनडातल्या बटाट्यावर कोलोरॅडो भुंगा नावाची कीड आहे. एकामागून एक औषधं पचवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. तिथेही ओढणारी यंत्रं आली होती, शेतकरी ती वापरून बघत होते. १९९५ साली इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक बाजारात आलं आणि यंत्रं मागे पडली. काही वर्षांत भुंगा त्यालाही सरावला. इमिडाक्लोप्रिड आपल्या कपाशीवाल्यांनाही चांगलं परिचित आहे. औषध हरलं की आपण दुसरं औषध शोधतो, त्यासाठी प्रयोगशाळा, परवाने, जाहिराती सगळं तयार असतं. यंत्रात मात्र एक खोट दिसली की ते मोडीत काढतो. बाटली दर हंगामाला पुन्हा विकावी लागते. पंखा एकदा विकला की दुकानदाराचं आणि शेतकऱ्याचं नातं संपतं. एवढं साधं गणित आहे.

‘पेटंट आडवं येतं’ ही सबब तर कुणी सांगूच नये. पेटंट हा एक सौदा असतो: संशोधकाने आपली युक्ती आकृत्यांसह जगासमोर उघडी करायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं मक्तेदारी घ्यायची. आज ही मुदत वीस वर्षांची आहे. आणि पेटंट ज्या देशात घेतलं त्याच देशात चालतं; अमेरिकेतलं पेटंट भारतात नोंदवलं नसेल, तर त्यातलं यंत्र इथे बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. १९८०-९० च्या दशकांतल्या या यंत्रांची पेटंटं तर तिथेही मुदत संपून सगळ्यांची झाली आहेत. शिवाय आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ह) नुसार शेती करण्याच्या पद्धतीवर भारतात पेटंट मिळतच नाही. आकृत्या फुकट आहेत, घरबसल्या दिसतात. त्या उघडून बघणारा डोळा आणि पत्रा कापणारा हात एवढंच कमी आहे. आणि हात तर मुळीच कमी नाही! नाशिक-सांगलीच्या पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी द्राक्षबागांसाठी ट्रॅक्टरचे ब्लोअर घडवले, सुधारले, गावोगाव पोचवले. हा ब्लोअर म्हणजे तरी काय? ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला पंखा. हवा झोताने फेकतो आणि तिच्याबरोबर विष. तीच कारागिरी, तेच शाफ्ट, तशीच पाती. त्या पंख्याने उलट काम करावं, यासाठी आपल्यापैकी किती जणांनी एक रविवार खर्च केला?

महाबळेश्वरकडे बघा. तिथल्या स्ट्रॉबेरीची मातृरोपं कॅलिफोर्नियातून येतात. कॅमारोसा ही जातच कॅलिफोर्निया विद्यापीठाची. रोप आलं, वाफ्यावर अंथरायचा मल्चिंग पेपर रुळला, ठिबक बसलं. तिथल्या किडी वेगळ्या आहेत, म्हणून ते यंत्र जसंच्या तसं आणावं असं मी म्हणत नाही. पण विकत घेता येईल ते सगळं आलं आणि विचार तेवढा आला नाही, ही निवड कुणी केली?

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं, त्या माणसाकडे येऊ.

ऑक्टोबरचं ऊन, कपाशी माणसाच्या छातीला लागलेली. पाठीवर पंप, पायात स्लीपर किंवा तेही नाही, तोंडाला बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी. बाटलीचं झाकण हेच माप. बादलीत दोन औषधं, वर एखादं टॉनिक. ढवळायला काडी नाही सापडली की हात. बाटलीवर पिवळा त्रिकोण असतो, म्हणजे जहाल विष. सोबतच्या घडीपत्रकातली अक्षरं मुंगीएवढी, आणि ते पत्रक बांधावर कधीच उडून गेलेलं. शेत त्याचं नसतं. पीक त्याचं नसतं. दिवसाची मजुरी आणि दिवसभराचा तुषार, एवढंच त्याच्या वाट्याला येतं.

२०१७ च्या कपाशीच्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अशी वीसहून अधिक माणसं मेली आणि शेकडो रुग्णालयात गेली. त्यांत शेतकरी होते, तसे दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेले मजूरही होते. मग चौकशी झाली, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, मास्क आणि हातमोजे वाटले गेले. आणि आपण सुशिक्षितांनी काय निष्कर्ष काढला? ‘त्यांनी काळजी घ्यायला हवी होती.’ त्या उन्हात रबरी अंगरखा घालून दोन तास कपाशीत उभं राहून दाखवा, मग हे वाक्य पुन्हा उच्चारा.

याच महाराष्ट्राची दुसरी एक आठवण सांगतो. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश सापडले आणि युरोपने माल अडवला. केवढी धावपळ झाली! निर्यातीच्या द्राक्षांच्या प्रत्येक प्लॉटची आज नोंदणी असते, मण्यातल्या अंशांची तपासणी होते, अहवाल नीट आला तरच कंटेनर हलतो. हे उत्तमच आहे. पण याचा अर्थ आपल्याला विष शोधता येतं. रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडात जाणारा मणी आपण तपासतो. तो मणी पिकवताना ज्याने विष हुंगलं, त्याचं रक्त तपासत नाही.

आणि हे करायला नवा कायदा लागत नाही, हे वाचून तरी कुणाला लाज वाटावी. कीटकनाशक कायदा १९६८ चा, त्याखालचे नियम १९७१ चे. त्यातला नियम ३७ सांगतो की फवारणीचं काम करणाऱ्यांची कामाआधी आणि नंतर ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी व्हावी. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातली विषं हाताळणाऱ्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजण्याची तरतूदही त्यात आहे. कोलिनेस्टरेज म्हणजे शरीरातलं असं द्रव्य, जे या विषांनी घटतं. ते घटत चाललेलं वेळीच दिसलं, तर माणसाला कोसळण्याआधी कामावरून हटवता येतं. कॅलिफोर्नियाने १९७४ पासून अशी तपासणी चालवली आहे. नियम तर आपल्याकडेही आहे. तुमच्या गावात एका तरी फवारणीवाल्याच्या हातात असा अहवाल तुम्ही पाहिला आहे?

मजुराच्या जिवाची किंमत हिशेबात धरली असती, तर विषाची फवारणी आजच्याइतकी स्वस्त पडलीच नसती. रक्ततपासणी, बुडालेला रोज, दवाखाना, विधवेचा संसार हे सगळं एकरी खर्चात लिहून बघा. मग ओढणारा पंखा, चिकट सापळे, कामगंध सापळे यांचं ‘परवडत नाही’ कुठे जातं ते कळेल. आज तो खर्च मजुराचं घर भरतं, म्हणून मालकाला विष परवडतं. अनेक ठिकाणी पंप ज्याच्या पाठीवर असतो तो भूमिहीन, दलित किंवा आदिवासी असतो. हे योगायोगाने घडलेलं नाही. घाण उपसायला, मेलेलं ढोर ओढायला ज्या घरांकडे बोट दाखवायची या समाजाला सवय होती, विष फवारायलाही त्याच घरांकडे बोट गेलं. सोवळं सुटलं म्हणणाऱ्यांनी आपला पंप कोणाच्या पाठीवर आहे ते एकदा बघावं. आणि शहरातल्या आपण? डाग नसलेलं वांगं, एकसारखी स्ट्रॉबेरी, किडीचं एक भोक दिसलं की परत टाकलेली कोबी. ही निवड करतानाच आपण बांधावरचा तो पंप भरून देत असतो.

राहुरी, अकोला, परभणी, दापोली: राज्याची चार कृषी विद्यापीठं आहेत आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पाला विषय शोधत फिरतात. मुदत संपलेली पेटंटं त्यांच्यासमोर टाका. तुडतुडे, पांढरी माशी अशा उडणाऱ्या किडींवर, आपल्या सऱ्यांच्या अंतरात, आपल्या छोट्या ट्रॅक्टरवर काय चालतं आणि काय नाही ते बघू द्या. नाही चाललं, तर तसं छापा. पण पंखा बनेपर्यंत मजुराने थांबायचं कारण नाही. वाचकहो, या खरिपाच्या पहिल्या ग्रामसभेत दोन गोष्टी मागा: गावात दुसऱ्याच्या शेतावर फवारणीला जाणाऱ्यांची यादी, आणि नियम ३७ चा आधार घेऊन दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्या रक्ताची तपासणी. ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ असं उत्तर आलं, तर ते लेखी मागून घ्या.