करंगळीच्या मुंग्या आणि मानेचा एमआरआय

दोन-तीन महिन्यांपूर्वी उजव्या करंगळीला मुंग्या यायला लागल्या. आधी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, तेव्हा मात्र टरकलो.

ऑफिसात सगळ्यांचं एकच, "एमआरआय काढून टाक ना, सोक्षमोक्ष लागेल." काढला, मानेचा. रिपोर्टात 'सी-५ सी-६ डिस्क बल्ज'. झालं! घरात सुतकी वातावरण. आईने उशी काढून घेतली.

न्यूरॉलॉजिस्ट बाईंनी फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, "नेमकं कुठल्या बोटाला?"

"करंगळी, आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू."

"सी-५ सी-६ला दबते ती नस अंगठ्याकडे जाते. करंगळीची नस कोपराच्या मागून जाते. टेबलावर कोपर टेकवून बसता का?"

मी त्या क्षणीही तसाच बसलो होतो! मग एनसीव्ही झाली. हाताला छोटे छोटे शॉक देऊन नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजतात. माझा सिग्नल बरोब्बर कोपरापाशी मंदावत होता.

१९९४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला होता. कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांच्या कंबरेचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांची निदान एक तरी डिस्क फुगलेली! म्हणजे बल्ज दिसला की दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एमआरआय म्हणजे कोड वाचणं, एनसीव्ही म्हणजे तो चालवून बघणं.

एमआरआय फालतू आहे असं मुळीच म्हणायचं नाहीये. नसच उठून दिसावी असं एमआर न्यूरोग्राफीचं तंत्र १९९३ पासून आहे. बाईकवरून पडून कुणाचा हात लुळा पडला, तर नस नुसती ताणली गेली की मज्जारज्जूपासून मुळासकट उपटली गेली, हे कळायलाच हवं. उपटलेली नस आपोआप जुळत नाही. आणि ऑपरेशननंतरही नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर! तोवर इकडे स्नायू सुकत जातो. तिथे 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणं म्हणजे हात गमावण्याची तयारी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : आधी प्रश्न, मग फोटो. कुठलं बोट, कधीपासून, काय करताना, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे जा. कुठला भाग तपासायचा हे त्यांना ठरवू द्या. मी आधी स्कॅन काढला आणि मग प्रश्न शोधत बसलो. पैसे गेले ते गेलेच, वर पंधरा दिवस चुकीच्या मानेची काळजी केली.

असो. कोपर आता टेबलावर टेकवत नाही, करंगळीही सुधारते आहे. आईने उशी मात्र अजून परत दिलेली नाही.