शुद्धतेचा फेस

‘मीठ आणि धणे घातलेली बिअर? मग तिला बिअर तरी कशाला म्हणायचे? कढी म्हणा!’ लाइपझिगहून परतल्यावर तिथल्या ‘गोझ’ नावाच्या बिअरचे वर्णन मी स्टाफरूममध्ये केले, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा शेरा मारला. सगळे हसले, मीही हसलो. पण सर लगेच गंभीर झाले आणि म्हणाले, ‘जर्मनांकडे पाचशे वर्षांचा शुद्धतेचा कायदा आहे. परंपरा अशी सांभाळावी लागते.’ विनोद पचला, हे विधान मात्र पचले नाही. प्रस्तुत टिपण त्या विधानाच्या विरोधात आहे.

आधी चवीविषयी. साहित्याचा माणूस लाइपझिगला जातो तो ‘फाउस्ट’मधले आउअरबाखचे तळघर पाहायला. तसा मीही गेलो, आणि संध्याकाळी गोझ मागवली. उंच पेल्यात फिकट पिवळे, किंचित गढूळ पेय आले. पहिला घोट आंबट, ताकाच्या जातीचा. हे स्वाभाविकच, कारण तिच्यातले आम्ल दह्याताकातलेच. मग मिठाची पुसट जाणीव, आणि घोट उतरल्यावर मागे रेंगाळणारा धण्यांचा गंध. हॉप्सचा कडवटपणा जवळजवळ नाहीच. म्हणजे कढीचा शेरा अगदीच निराधार नव्हता. निराधार होता तो ‘बिअर कशाला म्हणायचे’ हा प्रश्न.

आता त्या कायद्याकडे वळू. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे बव्हेरियाचे ड्यूक विल्हेल्म चौथे व लुडविग दहावे यांनी एक हुकूम काढला. त्याचा बराचसा मजकूर बिअर कोणत्या ऋतूत किती दराने विकावी याविषयीचा आहे. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये, हे त्यातले एक कलम. ज्याच्यावाचून बिअर होतच नाही त्या यीस्टचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. गहू वगळला तो पाववाल्यांना धान्य कमी पडू नये म्हणून, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे हा हुकूम बाजारभावाचा आणि धान्यपुरवठ्याचा. पावित्र्य नंतर चिकटवले गेले.

तो तरी पाळला गेला का? १५४८ मध्ये याच विल्हेल्मने देगेनबेर्ग घराण्याला गव्हाची बिअर बनवण्याची खास सनद दिली. ते घराणे १६०२ मध्ये खुंटल्यावर ड्यूक माक्सिमिलियन यांनी तो मक्ता स्वतःकडे घेतला आणि खजिना भरला. बव्हेरियाच्याच १५५१च्या हुकमात धण्यांना, तर १६१६च्या हुकमात मिठाला मुभा मिळाली. सरांच्या कढीतले दोन्ही जिन्नस शुद्धतेच्या माहेरघरी असे रीतसर नांदत होते! संपूर्ण जर्मन साम्राज्याला हा दंडक लागू झाला तो १९०६ मध्ये. ‘राइनहाइट्सगेबोट’ (शुद्धतेचा आदेश) हा शब्द नोंदीत सापडतो तो १९१८ सालच्या बव्हेरियन विधिमंडळातील चर्चेत. पाचशे वर्षांच्या परंपरेचे नाव जेमतेम शंभर वर्षांचे आहे.

यावर आक्षेप येईल : कायद्याने भेसळ रोखली, ते चांगले नव्हे काय? चांगलेच. परंतु भेसळ आणि पाककृती यांत फरक आहे. भेसळ लपवते, पाककृती सांगते. गोझ आपले मीठ लपवत नाही. उलट आजच्या जर्मन नियमांत पीव्हीपीपी हे कृत्रिम द्रव्य बिअर नितळ करण्यासाठी चालते, कारण ते शेवटी गाळून काढले जाते. धणे मात्र अपवादाचा दाखला घेऊन आत येतात. दिसत नाही ते शुद्ध, दिसते ते अशुद्ध, हा कुठला न्याय?

न्यायालयांनाही हा प्रश्न पडलाच. परदेशी बिअर या नियमाच्या आधारे अडवता येणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. पुढे नॉयत्सेले या गावच्या ब्रुअरीने आपल्या काळ्या बिअरमध्ये साखरेचा पाक घातला, म्हणून तिला ‘बिअर’ म्हणू दिले जात नव्हते. वर्षानुवर्षे खटला चालला आणि २००५ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते नाव तिला मिळवून दिले. पेय तेच, भांडण केवळ एका नामाचे! भाषेच्या विद्यार्थ्यांनी या खटल्याकडे जरूर पाहावे.

आमचा दुखरा भाग इथेच आहे. ‘ही कविता नव्हे’, ‘हे मराठी नव्हे’ ही वाक्ये आम्ही वर्गात किती सहज उच्चारतो! एका विद्यार्थिनीच्या उत्तरपत्रिकेत तिच्या गावाकडच्या क्रियापदाखाली मी तांबडी रेघ ओढली होती. तिने विचारले, ‘सर, अर्थ चुकला का?’ अर्थ चुकला नव्हता. माझ्याजवळ उत्तर नव्हते, केवळ नियम होता. आणि तो कुणी, केव्हा, कशासाठी केला हे मी कधी शोधले नव्हते. प्रमाणभाषा नको असे मी म्हणत नाही. तिला जन्मतारीख असते एवढे शिकवणाऱ्याने विसरू नये, इतकेच.

गोझ मूळची गोस्लारची, तिथल्या गोझ नदीच्या नावाची. लाइपझिगने तिला आपलेसे केले. महायुद्धानंतरच्या उलथापालथीत ती क्षीण होत गेली आणि १९६६ मध्ये तिची शेवटची ब्रुअरी बंद पडली. वीस वर्षांनी, १९८६ मध्ये, लाइपझिगमधील एक जुनी गोझशाळा पुन्हा उघडली आणि ती परतली. आज तिला ‘आगळी’ म्हणतात. ती आगळी नाही, आपली स्मृती आखूड आहे.

त्या गोझशाळेचे नाव आहे ‘ओने बेडेंकेन’. मराठीत सांगायचे तर, ‘निःशंक’. सरांना आणि स्वतःलाही माझे एवढेच सांगणे : तांबडी शाई उचलण्यापूर्वी शंका घ्यावी, पेला उचलताना घेऊ नये.