टोंगाची एकुलती एक केबल

१५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पॅसिफिकमधल्या टोंगाची फिजीपर्यंतची ८२७ किलोमीटरची केबल तुटली. कोणत्या बेटावर किती जखमी, पिण्याचे पाणी आहे का, हे कळायला बोटी आणि गस्ती विमाने पाठवावी लागली. मुख्य बेटाची केबल पाच आठवड्यांनी जोडली गेली. वावाऊसारख्या दूरच्या बेटांची दुरुस्ती सुमारे दीड वर्ष रखडली. मधल्या काळात उपग्रहाची तुटपुंजी सेवा. खरे तर २०१९ मध्येही हीच केबल तुटली होती. तरी २०२२ पर्यंत दुसरी केबल टाकली नव्हती, कारण जेमतेम लाखभर ग्राहकांत तिचा खर्च निघत नव्हता. जमिनीवर दोन मोबाइल कंपन्यांत स्पर्धा होती, समुद्राखालून मात्र दोघींची वाट एकच.