तळ्याकाठी मुक्काम करायचा, पण कुठे?

दिवाळी सरते, कापसाच्या दोन वेचण्या घरात येतात, हरभरा वीतभर वर येतो, आणि आमच्या मेहरूणच्या घरात दरवर्षी एकच विषय निघतो. नातवंडे जेवायला बसली की म्हणतात, "आबा, यंदा तंबू घेऊन तळ्याकाठी राहायला जायचे." सून काही बोलत नाही, पण तिचाही कान तिकडेच असतो. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला माहेर, लग्नकार्य आणि दवाखाना एवढीच काय ती बाहेरची वाट. तेव्हा दोन दिवस सगळ्या घराने मिळून कुठे जावे, यात चैन नाही. खर्चही फारसा नाही. प्रश्न असतो तो जागा निवडण्याचा, आणि आज त्याबद्दलच चार शब्द सांगायचे आहेत.

कोणी म्हणेल, मेहरूणकरांना तळे शोधत हिंडण्याची काय गरज? तळे तर दारात. खरे आहे. आमच्या लहानपणी त्या तळ्याकाठी गुरे पाण्यावर यायची आणि पौष लागला की मेहरूणची बोरे खिशात भरून आम्ही काठाने भटकायचो. आता जळगाव शहर तळ्याला वेढून पुढे गेले. सकाळ-संध्याकाळ माणसे फिरायला येतात, भाद्रपदात सगळ्या शहराचे गणपती तिथेच येतात. फिरायला जागा छान, पण बिऱ्हाड घेऊन रात्र काढण्याची ती जागा नव्हे. म्हणून आम्हालाही बाहेरच बघावे लागते.

खानदेशात पाण्याकाठच्या जागांना तोटा नाही. एरंडोलजवळचे पद्मालय आहे, कमळांनी भरलेले तळे आणि काठी गणपतीचे देऊळ. धुळेकरांना नकाणे आणि डेडरगावचे तलाव जवळ. भुसावळच्या पुढे तापीवर हतनूरचे धरण आहे. त्याचे पाणी तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत, थेट चांगदेवपर्यंत पसरते आणि हिवाळ्यात तिथे परदेशी पाखरे उतरतात. हौस मोठी असेल तर शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला जावे. सातपुड्याच्या माथ्यावर सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर यशवंत तलाव आहे आणि तिथली थंडी आपल्या खालच्या थंडीपेक्षा निराळीच. अलीकडे पुण्याकडे पवना धरणाच्या काठी भाड्याने तंबू देणारे पुष्कळ झाले आहेत. भंडारदऱ्याला तर 1926 साली बांधून झालेल्या विल्सन धरणाच्या जलाशयाकाठी मे-जूनमध्ये काजवे बघायला मुंबई-नाशिकची माणसे रात्र काढतात.

नावे पुष्कळ आहेत. पण आपण शेतकरी. आपली पहिली अट त्या शहरी पाहुण्यांना सुचणारही नाही. ती म्हणजे धारेची वेळ. गोठ्यात दोन म्हशी असल्या तर घरातले एक माणूस संध्याकाळी आणि पहाटे गोठ्यावर हवेच. म्हणून आमच्या घरचा नियम असा की, जागा इतकी जवळ असावी की थोरल्याने धार काढून रात्रीच्या जेवणाला परत यावे. नाहीतर एकजण घरी राहतो, आणि जो राहतो तो नेहमी एकच असतो. बहुतेक घरांत ती सून असते. हे बरे नव्हे. तोरणमाळ त्यामुळे आमच्यासाठी दरवर्षी पुढच्या वर्षावर जाते.

दुसरी अट घरच्या लक्ष्मीने घातली. एकदा मी एक जागा बघून आलो आणि पाणी कसे निळेशार, वारा कसा थंड, याचे वर्णन करू लागलो. ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही पाणी बघितले. आडोसा बघितला का?" मी गप्प बसलो. चार बायका, दोन वयात आलेल्या मुली, आणि तासभर चालले तरी झुडूप नाही अशी ती जागा! तेव्हापासून जागा बघायला जाताना घरातली एक बाई बरोबर असते. जवळ संडासाची सोय आहे का, देवळाची धर्मशाळा किंवा ओळखीचे खळे आहे का, हे ती बघते. तिने होकार दिला तरच पुढची बोलणी.

तिसरी अट मात्र आम्ही फार मोठी किंमत मोजता मोजता शिकलो. ती आज लिहिणार आहे म्हणूनच हा लेख.

सरकारने 2017 साली गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आणली. तलावातला गाळ शेतकऱ्यांनी उचलावा म्हणजे तलावही खोल होईल आणि हलक्या रानालाही कस येईल. योजना चांगली. मीही 2019 च्या उन्हाळ्यात एका तलावातून ट्रॅक्टरच्या पुष्कळ ट्रॉल्या गाळ आणून माझ्या मुरमाड तुकड्यात पसरला. तलावाचे नाव सांगत नाही, कारण दोष तलावाचा नव्हता. त्या साली पाऊस दणकून झाला, तलाव काठोकाठ भरला. डिसेंबरात घरचे सगळे म्हणाले, आबांच्या गाळाच्या तलावावरच जाऊ. गेलो. काठ सपाट, पाणी निवांत, कडेला घोट्याएवढे. पोरे चड्डीवर पाण्यात उतरली. आम्ही वांगी भाजायला पऱ्हाट्या पेटवत होतो.

माझा दहा वर्षांचा नातू गुडघाभर पाण्यात चेंडूमागे चालला होता. एक पाऊल टाकले आणि दिसेनासा झाला. ओरडलाही नाही. बुडणारे माणूस ओरडत नाही, कारण त्याचे तोंड पाण्यावर टिकत नाही. हे त्या दिवशी कळले. त्याच्या आईने बघितले म्हणून बरे. धाकटा उडी घेणार तोच सुनेने त्याचा हात धरला आणि ट्रॉलीतले चऱ्हाट त्याच्या कमरेला बांधले. दुसरे टोक आम्ही तिघांनी धरले. तो गेला, पोराचे केस हाताला लागले, आम्ही ओढले. पोर वाचले. काठावर येऊन ते ओकले, रडले, आणि मगच आमच्या जिवात जीव आला.

ते कशात पडले होते? खड्ड्यात. यंत्राने गाळ काढताना उभ्या कडेचा जो खड्डा पडतो, त्यात. दोन पुरुष खोल. आणि तो खड्डा ज्यांनी पाडला त्यात मीही एक होतो. माझ्या रानात त्या गाळाने हरभरा तरारला होता, आणि त्याच गाळाच्या जागी माझे नातू बुडत होते. मला ती जागा ठाऊक होती. उन्हाळ्यात मी तिथे उभा राहून ट्रॉली भरून घेतली होती. पण वर पाणी आले की आपण खालची जमीन विसरतो.

बंधूंनो, तळे निवडायचे म्हणजे पाणी निवडायचे नसते, पाण्याखालची आणि पाण्याभोवतीची जमीन निवडायची असते. आणि जमिनीची पारख आपल्याला नाही तर कोणाला? म्हणून जागा बघायला शक्यतो उन्हाळ्यात, पाणी आटलेले असताना एक चक्कर मारून यावे. खड्डे कुठे, नाला कुठून येतो, उतार कसा, सगळे उघडे दिसते. मोठ्या धरणात तर बुडीत गावांच्या विहिरी आणि नाले पाण्याखाली तसेच असतात. ते जमले नाही तर काठच्या गावातल्या मासे धरणाऱ्यांना आणि गाळपेर करणाऱ्यांना विचारावे. पाणी ओसरलेल्या गाळावर हरभरा-टरबूज लावणाऱ्या माणसाला तळ्याचा तळ तळहातासारखा माहीत असतो. गाळावरून चालतानाही जपावे. वरून भेगाळलेला कोरडा दिसतो आणि खाली मांडीभर चिखल असतो.

धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात तर राहुटी टाकूच नये. तापी उगम पावते मध्य प्रदेशात मुलताईला, पूर्णा येते विदर्भातून. तिकडे पाऊस पडला की आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही हतनूरचे दरवाजे उघडतात. हिवाळ्यात पाऊस नसला तरी रब्बीचे आवर्तन सुटते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मग राहुटी टाकावी कुठे? पाण्याला लागून नाही. अमेरिकेत रानात मुक्काम करणाऱ्यांना शिकवतात की तळ्यापासून निदान 200 फूट दूर राहावे. रात्री रानातली जनावरे पाण्यावर येतात, त्यांची वाट मोकळी राहते; आणि आपली घाण पाण्यात जात नाही. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. थंड हवा जड असते, ती रात्री खोलगट जागी साचते. थंडीच्या लाटेत केळीच्या बागेचा खोलगट कोपरा आधी पिवळा पडतो, ते आपण बघतोच. तसेच माणसाचे. पाण्याजवळच्या खोलग्यात झोपलात तर पहाटे गोधड्या दवाने ओल्या होतात आणि म्हाताऱ्यांचा खोकला घरापर्यंत येतो. थोडे चढावर, उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ करून तंबू टाकावा. दगडांचा ढीग, जुना बांध आणि वाळक्या फांद्यांचे झाड टाळावे. प्यायचे पाणी घरून न्यावे किंवा उकळून घ्यावे. जागा सरकारी असेल तर तिथल्या कार्यालयाची परवानगी घ्यावी आणि गावच्या पोलीस पाटलाच्या कानावर घालावे. अडीअडचणीला तेच धावून येतात.

आणि चऱ्हाट! तवा विसरला तर चालेल, चऱ्हाट विसरू नका. ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब असेल तर उत्तमच. कोणी बुडू लागले तर लगेच उडी घेऊ नये. बुडणारा मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. आधी दोर फेकावा, काठी पुढे करावी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन टाकावा. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नये, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी आणि 108 ला फोन करावा. पोर हसू लागले तरी डॉक्टरांना दाखवावेच.

यंदा आम्ही काय ठरवले ते सांगतो. पुतण्याच्या सासुरवाडीचे शेत वाघूर धरणाच्या बाजूला आहे. पाण्यापासून दोन शेते अलीकडे, चढावर. खळ्यावर एक खोली आहे, संडास आहे, विहिरीचे पाणी आहे. थोरला धार काढून तासाभरात परत येऊ शकतो. घरच्या लक्ष्मीने बघितले आणि म्हणाली, "इथून पाणी नुसते दिसते." मी म्हणालो, "दिसते, तेवढेच पुरे." दिवसा पोरांना पाण्यावर न्यायचे, एक मोठे माणूस फक्त त्यांच्याकडे बघत बसवायचे, त्याने वांगीही भाजायची नाहीत आणि मोबाइलही बघायचा नाही. दिवे लागायच्या आत सगळे वर. मग भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि तंबूत पोरांच्या गोष्टी.

त्या गोष्टींत एक माझीही असेल. ही वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वाहत येते आणि धरणात अडून जळगावच्या नळांना जाते. म्हणजे तिच्या काठी आपण खरकटे टाकले, साबणाने भांडी घासली, तर ते पाणी फिरून मेहरूणच्या आपल्याच हंड्यात येणार. हे पोरांना नीट कळते. मागे एकदा नातवाने आपण होऊन बिस्किटाचे कागद गोळा करून पिशवीत भरले होते.

तोच नातू आता सोळा वर्षांचा आहे. मागच्या उन्हाळ्यात पोहायला शिकला. परवा सामानाची यादी करताना त्याने सर्वांत वर काय लिहिले ते मी बघितले. तंबू नव्हे, चेंडू नव्हे. त्याने लिहिले होते, "चऱ्हाट". मी काही बोललो नाही. नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि गोठ्याकडे गेलो.